लुई मोठा की टायसन? वेगवेगळ्या काळांतील हेवीवेट बॉक्सरांची तुलना करू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

रविवारी सकाळी तळजाई टेकडी उतरून आमचा सहा-सात जणांचा गट चहाला बसतो, आणि बॉक्सिंगचा विषय निघाला की ‘मोहम्मद अली श्रेष्ठ की माइक टायसन’ हा वाद दुसऱ्या कपापर्यंत हमखास पेटतो. या वादात मी जवळपास दोन वर्षे चुकीच्या पद्धतीने भाग घेतला. कोणाचे किती विजय, किती नॉकआउट, कोण किती वर्षे जगज्जेता होता, असे आकडे मी पाठ करून येत असे आणि समोरचाही तसेच दुसरे आकडे घेऊन येत असे. वाद जागचा हलत नसे. एकदा शेजारच्या बाकड्यावर बसलेल्या, उभे आयुष्य तालमीत घालवलेल्या एका वृद्ध वस्तादांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “कुस्ती मातीवर लावायची आहे का गादीवर?” आम्ही गप्प झालो, कारण ही काल्पनिक लढत कोणत्या नियमांवर लावायची, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केलेला नव्हता.

मराठी वाचकाला हा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि एका विभागाचा राजा दुसऱ्यात गडबडलेला आपण पाहिलेला असतो. मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी त्यांच्या सवयीची नव्हती आणि ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. हेवीवेट बॉक्सिंगच्या सव्वाशे वर्षांत अशी माती आणि गादी अनेकदा बदलली आहे, आणि तो बदल न मोजता केलेली तुलना म्हणजे नुसती हुज्जत होय. ज्यांना या विषयात नव्याने रस निर्माण झाला आहे, त्यांची दोन वर्षे वाचावीत म्हणून मी आता ज्या क्रमाने तुलना करतो तो क्रम येथे मांडत आहे. (या लेखात ‘पंच’ हा शब्द निर्णय देणाऱ्या माणसासाठीच वापरला आहे, हाताने मारतात तो ठोसा. आमच्या चर्चेत या एका शब्दामुळे झालेला घोळ थोडाथोडका नव्हता.)

लागणारे साहित्य

• एक जाड वही किंवा साधी स्प्रेडशीट. प्रत्येक बॉक्सरला नव्हे, तर प्रत्येक लढतीला एक पान द्यावे.
• लढतींच्या तारखा, फेऱ्या आणि वजने पाहण्यासाठी बॉक्सरेक हे संकेतस्थळ.
• संपूर्ण लढतींच्या चित्रफिती. निवडक नॉकआउटच्या जोडफिती या कामाला निरुपयोगी आहेत.
• स्टॉपवॉच, मोबाईलमधलेही चालते.
• पौंडांचे किलो करण्याचा हिशेब: एक पौंड म्हणजे सुमारे ०.४५४ किलो. जुन्या नोंदी सर्वत्र पौंडांत आहेत आणि पौंडांत विचार केल्याने आपल्याला वजनाचा खरा अंदाज येत नाही.
• शक्य असल्यास बॉक्सिंगचे ग्लोव्हज आणि टांगलेली बॅग, फक्त तीन मिनिटांसाठी. याचे कारण पुढे येईल.

१. आधी प्रश्न पक्का करा

‘श्रेष्ठ कोण’ या दोन शब्दांत किमान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. आपल्या काळातील प्रतिस्पर्ध्यांवर कोणी अधिक वर्चस्व गाजवले, हा पहिला. दोघे समोरासमोर उभे राहिले तर कोण जिंकेल, हा दुसरा. आणि कोणाचे कौशल्य अधिक परिपूर्ण होते, हा तिसरा. जो लुई हा बॉक्सर १९३७ ते १९४९ असा जगज्जेता राहिला आणि त्याने २५ वेळा किताब राखला. पहिल्या प्रश्नाला याहून भक्कम उत्तर मिळणे कठीण आहे. मात्र लेनॉक्स लुईससारख्या सहा फूट पाच इंच उंचीच्या आणि उत्तम जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) असलेल्या माणसासमोर त्याचे काय झाले असते, हे त्या २५ लढती सांगत नाहीत. एकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आणि दुसऱ्याने ते दुसऱ्या प्रश्नाचे समजून खोडून काढायचे, हाच आमच्या कट्ट्यावरचा नेहमीचा प्रकार होता. तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीत प्रश्न लिहा आणि शेवटपर्यंत तो बदलू नका. पुढील सर्व टप्पे मी दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे समोरासमोरच्या लढतीसाठी लिहिले आहेत, कारण सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो.

२. माणूस निवडू नका, तारीख निवडा

‘अली’ नावाचा एकच बॉक्सर नव्हता. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्ध उतरलेला अली पायांवर जगत होता आणि त्याला ठोसा लागणेच दुर्मीळ होते. १९६७ मध्ये सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे त्याचा किताब गेला आणि साडेतीन वर्षे तो रिंगणाबाहेर राहिला. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडणारा अली दोरांना टेकून मार झेलणारा, डोक्याने लढणारा दुसराच माणूस होता, आणि २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्ससमोर उभा राहिलेला ३८ वर्षांचा अली तर केवळ नावापुरता उरला होता. फोरमनचेही तसेच: १९७३ मध्ये किंग्स्टनला जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडणारा तरुण आणि १९९४ मध्ये ४५व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या फेरीत नॉकआउट करून पुन्हा जगज्जेता झालेला धीराचा, जड माणूस यांच्यात शरीर, वेग आणि स्वभाव असा तिहेरी फरक आहे.

म्हणून नावापुढे वर्षच नव्हे, तर शक्य असल्यास लढतीची तारीख लिहा. दोघांचेही सर्वोत्तम दिवस निवडा. एकाचा सर्वोत्तम आणि दुसऱ्याचा उतरणीचा दिवस घेऊन केलेली तुलना बेइमानीची असते, आणि आपल्या लाडक्या बॉक्सरच्या बाबतीत ही बेइमानी आपल्या लक्षातही येत नाही.

३. माती की गादी: नियम ठरवा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नवखे लोक नेमका हाच गाळतात.

फेऱ्यांपासून सुरुवात करू. जॉन सुलिव्हनने १८८९ मध्ये जेक किलरेनला ७५ फेऱ्यांत हरवले, असे वाचून थक्क होण्याआधी हे लक्षात घ्या की ती उघड्या मुठींची लढत जुन्या नियमांनी झाली होती आणि त्या नियमांत कोणी खाली पडला की फेरी संपे. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि हातात ग्लोव्हज ही चौकट १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी घालून दिली असली, तरी ती रुळायला वेळ लागला. त्यानंतरही फेऱ्यांची संख्या स्थिर नव्हती: १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डने जॅक जॉन्सनला २६व्या फेरीत पाडले, ती लढत ४५ फेऱ्यांची ठरलेली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर ती जवळपास निकाली कुस्तीच होती. पुढे किताबाच्या लढतीसाठी १५ फेऱ्यांची प्रथा बसली. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू हा लाइटवेट बॉक्सर रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत झालेल्या इजेने मरण पावला, त्यानंतर एका जागतिक संघटनेने लढत १२ फेऱ्यांवर आणली आणि दशक संपेपर्यंत इतरांनीही तोच मार्ग धरला.

‘तीन फेऱ्यांनी काय फरक पडतो’ असे कोणी म्हटले की मी दोन पाने उघडून दाखवतो. १८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन हा जो लुईपेक्षा बराच हलका बॉक्सर १२ फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या गुणपत्रकांवर पुढे होता आणि तिसऱ्याच्या गुणपत्रकावर बरोबरीत होता. तेराव्या फेरीची दोन सेकंदे उरली असताना लुईने त्याला नॉकआउट केले. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानो पहिल्याच फेरीत खाली पडला होता आणि १२ फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रकांवर मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा एकच आखूड ठोसा जर्सी जो वॉलकॉटच्या हनुवटीवर बसला आणि किताब फिरला. आजच्या नियमांनी कॉन जगज्जेता झाला असता आणि मार्सियानोची ४९ पैकी ४९ विजयांची कारकीर्द त्या रात्रीच खंडित झाली असती. याचा अर्थ लुई किंवा मार्सियानो लहान ठरतात असा मुळीच नाही. त्यांना १५ फेऱ्या आहेत हे ठाऊक होते आणि त्यांनी आपला दम त्या हिशेबाने खर्च केला होता. १२ फेऱ्यांची लढत असती तर ते वेगळे लढले असते, हाही मुद्दा तितकाच खरा आहे, आणि तो नोंदवायला विसरू नका.

दुसरी गोष्ट ग्लोव्हजची. आज हेवीवेट बॉक्सर दहा औंसांचे, म्हणजे सुमारे २८४ ग्रॅमचे ग्लोव्हज घालतात. डेम्प्सी आणि लुई यांच्या काळी ते पाच-सहा औंसांचे असत. लहान ग्लोव्हजमुळे ठोसा अधिक टोकदार बसतो, कातडी लवकर फाटते आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात गालांशी धरून चेहरा झाकण्याचा बचाव विरळ होतो, कारण झाकायला तितका पृष्ठभागच नसतो. आजच्या बचावात्मक बॉक्सरला जुन्या काळात नेताना याचा विचार करावा लागतो.

तिसरी गोष्ट प्रतिस्पर्धी खाली पडल्यानंतरची. १९१९ मध्ये टोलेडोला जॅक डेम्प्सीने विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडले, तेव्हा तो पडलेल्या विलार्डच्या डोक्याशीच उभा राहत असे आणि विलार्डचे गुडघे जमिनीवरून सुटताच पुन्हा मारत असे. तेव्हा ते नियमबाह्य नव्हते. १९२७ मध्ये शिकागोला जीन टनीला पाडल्यावर मात्र तटस्थ (दोघांपैकी कोणाचाही नसलेल्या) कोपऱ्यात जाण्याचा नियम लागू होता. डेम्प्सी तिकडे जाण्यास विसरला, पंचांनी दहापर्यंतची मोजणी उशिरा सुरू केली, टनीला काही सेकंदे जास्त मिळाली आणि शेवटी तो गुणांवर जिंकला. आठ वर्षांत एक नियम बदलला आणि त्याच माणसाचे सर्वांत घातक हत्यार बोथट झाले.

माझी पद्धत अशी आहे की प्रत्येक जोडी दोनदा लढवावी, एकदा पहिल्याच्या काळातील नियमांनी आणि एकदा दुसऱ्याच्या. दोन्हीकडे एकच विजेता निघाला, तर निष्कर्ष बऱ्यापैकी भक्कम समजावा.

४. वजन तपासा, पण वजनाला शरण जाऊ नका

येथे दोन टोकांचे सापळे आहेत. पहिला सापळा ‘जुने लोक फार लहान होते, आजच्या माणसासमोर टिकणार नाहीत’ हा. त्यात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. आज हेवीवेट गट २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंच्या वर सुरू होतो. १९७९-८०च्या सुमारास क्रुझरवेट हा मधला गट निर्माण होण्याआधी १७५ पौंडांवरचा कोणीही हेवीवेट मानला जाई. विलार्डविरुद्ध डेम्प्सी सुमारे ८५ किलोंचा होता, वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो त्याहून किंचित हलका होता आणि १९३८ चा लुईदेखील जेमतेम ९० किलोंचा होता. आजच्या हिशेबाने हे तिघेही क्रुझरवेट ठरतात.

परंतु त्याच डेम्प्सीने विलार्डला लोळवले तेव्हा विलार्ड १११ किलोंचा होता, आणि सुमारे ११९ किलोंचा प्रिमो कार्नेरा १९३४ मध्ये त्याच्यापेक्षा कितीतरी हलक्या मॅक्स बेअरसमोर पुन्हा पुन्हा जमिनीवर आला. हे जुने दाखले वाटत असतील तर १८ मे २०२४ रोजी रियाधला झालेली लढत पाहावी: क्रुझरवेटमधून वर आलेला, सुमारे १०१ किलोंचा ओलेक्सांद्र उसिक आणि सुमारे ११९ किलोंचा, सहा फूट नऊ इंचांचा टायसन फ्युरी. उसिक जिंकला. त्या लढतीची नववी फेरी नवख्यांनी जरूर पाहावी; लहान माणूस मोठ्याच्या हाताच्या लांबीच्या आत शिरतो तेव्हा पाय कोठे ठेवतो, ते तेथे स्पष्ट दिसते.

म्हणून वजनाबरोबर त्या वजनाच्या माणसाचे कौशल्यही लिहा. विलार्ड आणि कार्नेरा यांना आपल्या लांबीचा उपयोग करता येत नव्हता. लेनॉक्स लुईस आणि व्लादिमिर क्लिच्को यांना तो पुरेपूर येत होता, आणि क्लिच्को तर डाव्या हाताच्या जॅबने अंतर राखून, जवळ आलेल्याला मिठी मारून आपल्या देहाचा भार त्याच्या मानेवर टाकत असे. मी स्वतः असा ढोबळ नियम पाळतो की दहा किलोंपर्यंतच्या फरकाला फारसे महत्त्व द्यायचे नाही. त्यापुढे मात्र हलक्या माणसाच्या बाजूने लेखी कारण द्यायचे.

दुसरा सापळा याच्या उलट आहे. ‘आजचा आहार आणि व्यायाम मिळाला असता तर डेम्प्सीही शंभर किलोंचा झाला असता’ असे म्हणून त्याच्या अंगावर कल्पनेने पंधरा किलो चढवण्याचा मोह होतो. ते पंधरा किलो त्याच्या वेगाचे काय करतील, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे माणूस जसा होता तसाच घ्यावा.

५. विजय मोजू नका, विजयामागची माणसे पाहा

प्रत्येक मोठ्या विजयापुढे प्रतिस्पर्ध्याचे त्या दिवशीचे वय लिहिण्याची सवय लावून घ्या. मार्सियानोने १९५१ मध्ये हरवलेला लुई ३७ वर्षांचा होता आणि पुढच्या वर्षीचा वॉलकॉट ३८ वर्षांचा. हे पाहून मार्सियानोला निकालात काढणारे पुष्कळ भेटतात, पण वॉलकॉट तेव्हा जगज्जेता होता आणि ती लढत त्याच्या आयुष्यातील उत्तम लढतींपैकी होती, हे गुणपत्रकच सांगते. म्हणजे वयही एकटे पुरेसे नाही. मात्र न्याय सर्वांना सारखा लावा: १९८० मध्ये होम्सने हरवलेला अली ३८ वर्षांचा होता म्हणून तो विजय आपण बाजूला ठेवत असू, तर जानेवारी १९८८ मध्ये टायसनने चौथ्या फेरीत पाडलेला होम्सही ३८ वर्षांचाच होता.

लढतींमधील अंतरही लिहावे. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत लुई सात वेळा किताबासाठी लढला. आजचे जगज्जेते वर्षाला एक-दोनदा लढतात. अधूनमधून एखादी निस्तेज लढत लुईच्या नोंदीत आढळली, तर तिच्याकडे या संदर्भात पाहावे लागते.

या टप्प्यावरचा सर्वांत फसवा सापळा म्हणजे साखळी. ‘अ’ने ‘ब’ला हरवले, ‘ब’ने ‘क’ला, म्हणून ‘अ’ हा ‘क’ला हरवेल, हे गणित बॉक्सिंगमध्ये चालत नाही आणि ते का चालत नाही हे १९७१ ते १९७४ या चारच वर्षांत दिसून आले. फ्रेझरने मार्च १९७१ मध्ये अलीला हरवले. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवले. फोरमनने या फ्रेझरला आणि या नॉर्टनला, दोघांनाही दोन-दोन फेऱ्यांत संपवले. साखळी खरी असती तर किन्शासात अली पहिल्याच फेरीत आडवा व्हायला हवा होता. फ्रेझर सतत पुढे येणारा होता आणि पुढे येणारा माणूस फोरमनच्या ताकदीला आयता सापडे. नॉर्टनला मागे ढकलले की त्याचा खेळ मोडत असे. अली मात्र फोरमनला मान धरून रोखू शकत होता, त्याचे ठोसे हातांवर झेलून त्याला दमवू शकत होता. कोणत्या शैलीचे कोणत्या शैलीशी जमत नाही, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

६. चित्रफीत पाहण्याची पद्धत

जॅक जॉन्सनची चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आले होते. दोन माणसे बाहुल्यांसारखी तुरुतुरु धावत आहेत, असेच ते दृश्य होते. दोष जॉन्सनचा नव्हता. मूकपटांच्या काळातील कॅमेरे हाताने फिरवत आणि सेकंदाला सुमारे १६ ते १८ चित्रे घेत. ती फीत पुढे २४ चित्रांच्या वेगाने दाखवली की माणसे पळू लागतात. यूट्यूबवर वेग ०.७५ करून पाहा. १९१० मध्ये रेनोला जिम जेफ्रीजविरुद्ध जॉन्सन प्रतिस्पर्ध्याचे हात त्याच्या दंडाजवळच कसे अडवतो, हे तेव्हाच दिसते. ज्या फिती नंतर दुरुस्त करून योग्य वेगात आणल्या आहेत, त्यांना मात्र पुन्हा मंद करू नका.

आवाज बंद ठेवावा, कारण समालोचक काय पाहायचे ते ठरवून टाकतो. फेरी तीन वेळा पाहावी: एकदा फक्त एका बॉक्सरचे पाय, एकदा दुसऱ्याचे पाय, आणि तिसऱ्यांदा हात. जॅब मारल्यानंतर हात कोठून परत येतो, हे मी नेहमी लिहितो. १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगने लुईच्या याच एका सवयीवर बोट ठेवले होते: जॅबनंतर लुईचा डावा हात खाली येई, आणि त्या फटीतून श्मेलिंगचा उजवा ठोसा बाराव्या फेरीपर्यंत पुन्हा पुन्हा आत गेला.

आता त्या तीन मिनिटांविषयी. माझ्या घराजवळच्या एका व्यायामशाळेत प्रशिक्षकांच्या परवानगीने मी ग्लोव्हज घालून बॅगेवर एक पूर्ण फेरी मारून पाहिली. चाळीस सेकंदांत खांदे भरून आले आणि दीड मिनिटानंतर हात हनुवटीपर्यंत उचलणेही जड झाले. त्या दिवसापासून ‘तो दहाव्या फेरीत ढिला पडला’ असे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा आपल्या भागात एखादी हौशी स्पर्धा भरली, तर रिंगणाच्या अगदी जवळ बसून पाहावी. ठोशाचा आवाज आणि श्वासाची धाप कोणत्याही चित्रफितीत येत नाही.

७. जे रिंगणात येऊच शकले नाहीत, त्यांचे पान

हे पान छोटे असले तरी कोरे ठेवू नका. १९१५ मध्ये जॉन्सनने किताब गमावला, तेव्हापासून १९३७ मध्ये लुईने तो जिंकेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट किताबासाठी लढू दिले गेले नाही. हॅरी विल्स डेम्प्सीच्या दारात अनेक वर्षे उभा होता आणि ती लढत झालीच नाही. पुढे शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघ आणि क्यूबा येथील बॉक्सर व्यावसायिक रिंगणाबाहेर राहिले. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हनसन १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवूनही अली किंवा होम्सशी कधी लढला नाही. क्लिच्को बंधू आणि उसिक हे पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या युक्रेनचे, ही गोष्ट या पानाशी जोडून वाचावी. एखाद्या जगज्जेत्याचे वर्चस्व मोजताना दार किती उघडे होते, हेही त्यात आले.

८. संगणकाने सोडवून घेण्याचा मोह टाळा

हा उपाय नवा नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत संगणकाच्या मदतीने रेडिओवर जुन्या-नव्या विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा खेळवली गेली आणि तीत अली जेफ्रीजकडून हरला, म्हणून त्याने दावा ठोकला. त्यातूनच पुढे १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना प्रत्यक्ष रिंगणात उभे करून अनेक शक्यतांचे चित्रण करण्यात आले. १९७० मध्ये ते दाखवले तेव्हा अमेरिकेतील प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या फेरीत जिंकताना पाहिले, तर युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. मार्सियानो तोवर हयात नव्हता. चित्रणानंतर काही आठवड्यांतच विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता. आमच्या गटातील एकाने अलीकडे असाच प्रश्न मोबाईलला तीनदा विचारला आणि तीन वेगळी उत्तरे मिळवली.

९. एक नमुना पान: लुई १९३८, टायसन १९८८

नवख्यांनी ही जोडी प्रथम घ्यावी, असे मी सुचवतो, कारण येथे तारखांनीच आपले काम सोपे केले आहे. २२ जून १९३८ रोजी लुईने श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले. २७ जून १९८८ रोजी टायसनने तोवर अपराजित असलेल्या मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवले. लुई २४ वर्षांचा होता, टायसनला २२ पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. लुई सुमारे ९० किलो आणि १८८ सेंटिमीटर, टायसन सुमारे ९९ किलो आणि १७८ सेंटिमीटर.

टायसनच्या बाजूने पुरावा असा: बुटका, जाडजूड टोनी गॅलेंटो याने जून १९३९ मध्ये डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) लुईला तिसऱ्या फेरीत खाली बसवले होते, आणि गॅलेंटोकडे टायसनच्या वेगाचा अंशही नव्हता. १९३७ मध्ये जेम्स ब्रॅडॉकनेही लुईला पहिल्या फेरीत पाडले होते. लुईच्या बाजूने पुरावा असा: दोन्ही वेळा तो उठला आणि त्याच लढती नॉकआउटने जिंकला. शिवाय १९८७ मध्ये टोनी टकरच्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) टायसन पहिल्याच फेरीत हलला होता आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसने लांब जॅब आणि अपरकट यांच्या जोरावर त्याला दहाव्या फेरीत झोपवले. लुईचा जॅब डग्लसपेक्षा जड होता आणि आखूड अंतरावरचे त्याचे ठोसे हेवीवेटमध्ये आजही आदर्श मानले जातात. प्रश्न एवढाच उरतो की जॅबनंतर खाली येणारा तो डावा हात टायसनच्या उजव्या ठोशाला किती वेळ मोकळा सापडतो.

माझी नोंद सध्या अशी आहे: १९८८ च्या नियमांनी, दहा औंसांच्या ग्लोव्हजनी, पहिल्या चार फेऱ्यांत लढत संपली तर टायसन, पाचवी फेरी उजाडली तर लुई. १९३८ च्या नियमांनी, लहान ग्लोव्हज आणि १५ फेऱ्या असतील तर लुई, पण तो किमान एकदा खाली पडून.

हे पान मी त्या वस्तादांना वाचून दाखवले. त्यांनी नऊ किलोंचा फरक दोनदा विचारून घेतला आणि म्हणाले, “उठतो तो गडी चांगला. पण ज्यानं पाडलं त्यानं पुढं काय केलं, ते तुम्ही लिहिलंच नाही.” तेव्हापासून मी ब्रॅडॉकच्या लढतीची पहिली फेरी पुन्हा पाहत आहे, आणि लुई उठल्यानंतरच्या वेळात ब्रॅडॉक कोठे उभा होता ते घड्याळ लावून लिहून घेत आहे.